घेण्याचे माप निराळे, देण्याचे निराळे!



बाजारात धान्य घालणाऱ्या कुणब्यास एक गोष्ट कोणी शिकवावी लागत नाही. लबाड व्यापाऱ्याच्या दुकानी मापे दोन असतात; घ्यायचे मोठे आणि द्यायचे लहान. आपले पोते मोजताना त्याची पायली फुगते आणि आपल्या पदरात डाळ घालताना तीच पायली आकसते. आमच्या मुलांच्या शिक्षणाच्या बाबतीत महाराष्ट्र सरकारने हीच दोन मापांची रीत चालविली. त्यातले एक माप कोर्टाने मोडले, हे बरे झाले. परंतु त्या रीतीचे मूळ अद्याप उपटले गेलेले नाही. म्हणून आज या विषयावर चार शब्द रोखठोक लिहिणे भाग आहे.

प्रथम हकीकत नीट ध्यानात घ्या. सप्टेंबर २०२३ मध्ये सरकारने ‘समूह शाळा’ नावाची योजना पुढे केली. तिचा मतलब असा की, ज्या सरकारी शाळेत २० पेक्षा कमी मुले आहेत, अशा आसपासच्या शाळा मिळून एके ठिकाणी मोठी शाळा करावी आणि वाडीवस्तीवरची मुले गाडीत घालून तिकडे न्यावीत. अशा कमी पटाच्या शाळा राज्यात १४ हजारांहून अधिक असल्याचे आकडे सरकारी खात्यातूनच बाहेर आले. या शाळा कोणाच्या? पुण्या-मुंबईच्या बंगलेवाल्यांच्या खचित नव्हेत. त्या डोंगरकपारीच्या, धनगरवाड्याच्या, ठाकरवाडीच्या, पाड्यांच्या आणि कोकणातल्या विखुरलेल्या वाड्यांच्या. जेथे घरेच पंचवीस, तेथे शाळेत दोनशे मुले आणावीत कोठून?

ही झाली पहिली गोष्ट. आता दुसरी ऐका. तिच्यामागून पाच महिन्यांच्या आत, ९ फेब्रुवारी २०२४ रोजी, याच सरकारने शिक्षणहक्काच्या नियमात फेरबदल केला. २००९ च्या कायद्याच्या १२ व्या कलमाप्रमाणे खाजगी विनाअनुदानित शाळेने पहिलीच्या वर्गात निदान शेकडा २५ जागा आसपासच्या दुर्बळ व वंचित घरांतील मुलांस द्याव्या व त्यांस आठवीपर्यंत फुकट शिकवावे, असे आहे. नव्या नियमाने असे ठरविले की, ज्या खाजगी शाळेच्या एक किलोमीटरच्या आत सरकारी किंवा अनुदानित शाळा असेल, तिच्यावर या २५ जागांचे बंधन नाही. शहरात व मोठ्या गावात एक किलोमीटरच्या आत सरकारी किंवा अनुदानित शाळा नाही, अशी खाजगी शाळा दिवा लावून शोधली तरी क्वचितच सापडावयाची. म्हणजे कायद्याने उघडलेला दरवाजा नियमाच्या एका ओळीने लावून टाकला.

आता हे दोन कागद शेजारी शेजारी ठेवून वाचा. सुताराचे पोर श्रीमंत शाळेच्या फाटकाशी गेले, तर सरकार त्यास म्हणते, “अरे, तुझ्याकरिता सरकारी शाळा जवळच आहे, ती सोडून येथे कशाला आलास?” तेच पोर मुकाट्याने आपल्या वाडीच्या सरकारी शाळेत गेले, तर सरकार म्हणते, “अरे, येथे मुले थोडी, खर्च फार. तू जरा लांबच्या शाळेत जा.” श्रीमंताचे दार राखायचे असेल तेव्हा जवळच्या सरकारी शाळेची महती गावी, आणि त्याच सरकारी शाळेवर पैसा खर्च करायची वेळ आली म्हणजे ती शाळा नकोशी व्हावी! गरिबाच्या पोराने जावे तरी कोठे?

याहून मोठी गंमत पुढेच आहे. हे एक किलोमीटर आले कोठून? पहिली ते पाचवीच्या मुलास घरापासून एक किलोमीटरच्या आत आणि सहावी ते आठवीच्या मुलास तीन किलोमीटरच्या आत शाळा मिळाली पाहिजे, असे शिक्षणहक्काच्या नियमातच लिहिले आहे. म्हणजे हे अंतर मुलाच्या हक्कासाठी घातलेले होते; सरकारला बांधण्याकरिता घातलेला तो दोर होता. तोच दोर सोडवून सरकारने खाजगी शाळेभोवती कुंपण घातले आणि समूह शाळेच्या वेळी मात्र तो कोठे ठेवला होता याचे त्यास स्मरण राहिले नाही. दोन मापे म्हणतात ती हीच.

या नियमाविरुद्ध पालक व त्यांचे कैवारी कोर्टात गेले. ६ मे २०२४ रोजी मुंबईच्या उच्च न्यायालयाने नियमास तहकुबी दिली आणि १९ जुलै २०२४ रोजी तो साफ रद्द केला. मूळ कायद्यात अशी अट नसता नियमाच्या पोटातून ती आणता येत नाही, हा त्या निकालाचा सारांश. त्यावरचे अपील सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२४ मध्ये फेटाळले. ज्या लोकांनी हे काम केले त्यांचे आम्ही मनापासून अभिनंदन करतो. परंतु वाचकहो, कोर्टाने एक नियम मोडला. नियम करणाऱ्याची नियत कोर्टास मोडता येत नाही. ती मोडणे आपल्या हाती आहे, आणि त्याकरिता ही रीत किती जुनी आहे हे आपणांस ठाऊक पाहिजे.

१८८२ साली हंटरसाहेबांचे शिक्षण कमिशन आले, तेव्हा जोतीराव फुले यांनी त्यापुढे लेखी कैफियत दिली. सरकारच्या वसुलाचा मोठा भाग कुणब्याच्या घामातून येतो, त्याजकडून सारा घेतात व वर लोकल फंड घेतात. पण शिक्षणावरचा खर्च वरच्या वर्गाच्या पोरांवर होतो, हे त्यांनी स्वच्छ सांगितले. वरच्यांस शिकविले म्हणजे विद्या आपोआप खाली झिरपेल, असे त्या काळचे शहाणे म्हणत. झिरपली का? ज्या रानात पाट वरच्या वाफ्यातच फोडला, त्या रानाच्या खालच्या वाफ्यास पाणी कधी मिळाले आहे? निदान १२ वर्षांच्या वयापर्यंत शिक्षण सक्तीचे करा, आणि शिक्षक शेतकरी वर्गातून घ्या, ज्यांस नांगराची मूठ किंवा सुताराचा वाकस हाती धरण्याची लाज वाटणार नाही, अशी त्यांची मागणी होती. सरकारने ती ऐकून घेतली आणि दप्तरात बांधून ठेवली.

पुढे १९११ साली गोखल्यांनी वरिष्ठ कायदेमंडळात सक्तीच्या शिक्षणाचे बिल आणले. १९१२ मध्ये ते ३८ विरुद्ध १३ मतांनी पडले. कारणे काय सांगितली? पैसा नाही, वेळ आली नाही, लोकांची तयारी नाही! आणि त्याच देशात, अवघ्या पाच वर्षांनी, १९१७ साली कोल्हापूरच्या शाहू छत्रपतींनी आपल्या लहानशा संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचे व मोफत केले. मूल शाळेत न पाठविणाऱ्या पालकास दरमहा एक रुपया दंड ठेवला. त्याही पूर्वी, १९०१ पासून, त्यांनी बोर्डिंगे काढली. १९०२ साली मागासलेल्या वर्गांकरिता सरकारी नोकरीत शेकडा ५० जागा राखल्या. १९१९ साली त्यांनी अस्पृश्यांच्या निराळ्या शाळा बंद करून ती मुले सर्वांबरोबर एका शाळेत बसविण्याचा हुकूम काढला. इंग्रजांच्या अफाट साम्राज्यास जे परवडत नव्हते ते एका संस्थानास परवडले. तेव्हा पैसा नाही ही सबब सन १९१७ मध्येच मेली आहे. तिचे प्रेत अजून खांद्यावर घेऊन फिरणाऱ्यांस काय म्हणावे?

आता स्वराज्याकडे वळू. घटना तयार होत असता तिच्या मसुद्यात प्रत्येक नागरिकास मोफत प्राथमिक शिक्षणाचा हक्क आहे, असे शब्द प्रथम होते. २३ नोव्हेंबर १९४८ रोजी घटनासभेत ते शब्द गाळण्यात आले आणि सरकारने तसा प्रयत्न करावा, एवढेच उरले. हक्काचा प्रयत्न झाला! त्याच दिवशी एका सभासदाने अशी सूचना आणली होती की, सरकारचा हा भार केवळ प्राथमिक शिक्षणापुरता ठेवावा. बाबासाहेब आंबेडकरांनी ती नाकारली. त्यांचे म्हणणे असे की, १४ वर्षांखालील मुलास कारखान्यात कामाला लावू नये असे घटना म्हणते. मग ज्या मुलास काम करू द्यायचे नाही, त्याची जागा शाळेतच असली पाहिजे. वाचकहो, हे वाक्य नव्हे, हा हिशेब आहे. मूल एक तर शाळेत असेल, नाही तर कोणाच्या तरी कामावर असेल. तिसरी जागा गरिबाच्या मुलास नाही. याच बाबासाहेबांनी १९२७ साली मुंबईच्या कौन्सिलात दाखवून दिले होते की, प्राथमिक शाळेत १०० मुले आली तर चौथीपर्यंत अठराच पोचतात. बाकीची ८२ गळतात आणि पुन्हा निरक्षर होतात.

घटनेचे ४५ वे कलम अखेर असे झाले की, दहा वर्षांच्या आत १४ वर्षांपर्यंतच्या सर्व मुलांस मोफत व सक्तीचे शिक्षण देण्याचा सरकारने प्रयत्न करावा. सबंध घटनेच्या त्या प्रकरणात मुदत घातलेले कलम एवढे एकच. मुदत १९६० साली भरली. आमच्या शेतकऱ्याने सोसायटीच्या कर्जाची मुदत चुकविली तर नोटीस दारावर डकवितात आणि बैलजोडी ओढून नेतात. सरकारने सबंध देशाच्या पोरांची मुदत चुकविली, तेव्हा कोणाच्या दारावर नोटीस डकविली? उलट १९८६ चे शिक्षणधोरण आले आणि कामावर जाणाऱ्या मुलांकरिता त्याने ‘अनौपचारिक’ वर्ग सांगितले. बाबासाहेबांनी म्हटले होते, काम नको, शाळा हवी. धोरणाने म्हटले, काम चालू द्या, शाळा जमेल तशी!

१९९३ साली सर्वोच्च न्यायालयाने १४ वर्षांपर्यंतचे शिक्षण हा मूलभूत हक्क ठरविला, तेव्हा कोठे सरकार हलले. २००२ साली घटनेची ८६ वी दुरुस्ती झाली व २१-अ हे कलम आले. पण तेथेही माप आकसलेच. मूळ कलमात १४ वर्षांपर्यंतची सर्व मुले होती. नव्या कलमात ६ ते १४ एवढीच राहिली. सहा वर्षांखालच्या बाळांस हक्कातून काढून पुन्हा ‘प्रयत्ना’त टाकले. आणि त्याच दुरुस्तीत मुलास शिकविणे हे पालकाचे कर्तव्य म्हणून घालून ठेवले. ही दुरुस्ती अमलात येण्यास व तिच्या पोटचा कायदा लागू होण्यास १ एप्रिल २०१० उजाडला. जोतीरावांनी कमिशनापुढे सक्तीच्या शिक्षणाचे शब्द लिहिले त्याला तोवर सव्वाशे वर्षे उलटून गेली होती.

आणि वयाच्या १४ व्या वर्षी काय होते? मुलगा आठवी होतो आणि कायद्याचा हात सुटतो. खाजगी शाळेत २५ जागांपैकी एका जागेवर आठ वर्षे शिकलेल्या न्हाव्याच्या मुलास नववीत तीच शाळा फी मागू शकते. २०२० चे धोरण तीन ते अठरा वर्षांपर्यंतच्या शिक्षणाच्या मोठमोठ्या गोष्टी करते. पण धोरण म्हणजे कायदा नव्हे. धोरण घेऊन कोर्टात जाता येत नाही. हक्क अजून सहा ते चौदा एवढाच आहे.

आता पैशाचे माप पाहू, कारण खरी मेख तेथे आहे. कोठारी कमिशनने १९६६ साली सांगितले की, देशाच्या उत्पन्नाचा शेकडा ६ हिस्सा शिक्षणावर खर्च व्हावा, आणि गरीब-श्रीमंत सर्वांची मुले आपल्या वस्तीच्या एकाच सार्वजनिक शाळेत शिकावीत. तेव्हापासून प्रत्येक धोरण या सहा टक्क्यांचा जप करते आणि तो आकडा सरकारने एकदाही गाठलेला नाही. मात्र घेण्याचे माप पाहा. २००४ साली केंद्र सरकारच्या करांवर शेकडा २ शिक्षणाचा अधिभार बसला. तो कारखान्यातून निघणाऱ्या मालावरच्या करावरही होता; म्हणजे शेतमजूर बाईने घेतलेल्या साबणाच्या वडीतूनही तो वसूल झाला. पुढे २००७ पासून माध्यमिक व उच्च शिक्षणाकरिता आणखी एक टक्का बसला. त्याचे काय झाले? सरकारचेच हिशेबतपासनीस, ज्यांस कॅग म्हणतात, त्यांनी २०१७ साली दाखवून दिले की, या एका टक्क्याचे ८३ हजार कोटींहून अधिक रुपये जमा झाले. पण ते ज्या निधीत ठेवावयाचे तो निधीच इतकी वर्षे उभारलेला नव्हता. १८८२ सालचा लोकल फंड आणि हा अधिभार यांत फरक काय, तो आम्हांस कोणी शहाण्याने समजावून द्यावा. शिक्षणाच्या नावाने घ्यायचे सर्वांकडून, आणि वाडीच्या शाळेत दुसरा मास्तर मागितला की म्हणायचे, पट कमी आहे!

येथे कित्येक विद्वान आक्षेप घेतील. त्यांचे म्हणणेही आपण ऐकून घेऊ.

पहिला आक्षेप असा की, आठ-दहा मुलांच्या शाळेत मुलांस चुरस नाही, खेळ नाही, एकच मास्तर चार इयत्ता शिकवितो. अशा शाळेत ठेवून मुलांचे नुकसानच होते. यात थोडे सत्य आहे, आणि ते आम्ही नाकारीत नाही. परंतु एकच मास्तर ठेवला कोणी? कायद्याच्या परिशिष्टात ६० मुलांपर्यंतच्या प्राथमिक शाळेस दोन शिक्षक सांगितले आहेत. दुसरा मास्तर द्यायचा नाही, आहे त्यास निवडणुका, शिरगणती आणि कागदांच्या भाऱ्यात गुंतवायचे, आणि मग शाळा वाईट म्हणून ती उचलायची! बैलास वैरण न घालता तो ओढीत नाही म्हणून खाटकास देण्यासारखेच हे आहे. मुले एकत्र आणायचीच असतील तर शाहू महाराजांनी व कर्मवीर भाऊराव पाटलांनी मार्ग घालून दिला आहे. १९१९ साली रयत शिक्षण संस्था निघाली. लांबची पोरे शिकावीत म्हणून त्यांनी वसतिगृहे उघडली, अन्न दिले, अंथरूण दिले, आणि मग शाळा दिली. पण तो मार्ग जाणत्या मुलांचा आहे. सहा वर्षांचे पोर आईच्या पदराआड निजते; त्यास बोर्डिंग नव्हे, दाराजवळची शाळाच पाहिजे.

आणि गाडीचे म्हणाल, तर गाडी कागदावर धावते. पावसाळ्यात ओढा भरला, घाटात दरड आली, ठेकेदाराचे बिल अडले, की गाडी बंद. गाडी बंद पडली म्हणजे घरात पहिल्याने कोण राहते? मुलगी! मुलगा कोणाच्या सायकलीवर बसून, चालत, धडपडत जाईल. पण आठ-नऊ वर्षांची मुलगी रानातून तीन-चार किलोमीटर एकटी कोणती आई पाठवील? चार दिवस घरी राहिलेली मुलगी धाकट्या भावास सांभाळू लागते, मग शेळ्या राखते, मग तिचे नाव पटावरून जाते आणि पुढे दोन-चार वर्षांत तिच्या हाती हळद लागते. जोतीराव व सावित्रीबाईंनी १८४८ साली पुण्यात शेण-दगड खाऊन जी शाळा उघडली, ती मुलींचीच होती. शाळा लांब नेणे म्हणजे प्रथम मुलींची शाळा बंद करणे होय, हे प्रत्येक गावकऱ्याने मनात धरून ठेवावे.

दुसरा आक्षेप असा की, गरिबाचे मूल श्रीमंतांच्या शाळेत बुजते, त्याचा अपमान होतो. त्यापेक्षा ते आपल्या बरोबरीच्यांत बरे. हा युक्तिवाद आम्ही पूर्वीही ऐकला आहे. अस्पृश्यांची मुले निराळी बसविण्यास पूर्वी हेच कारण सांगत. त्यांस आपल्यातच सुख वाटते म्हणे! मूल बुजते ते बाकावरच्या सोबत्याने नव्हे. त्यास वेगळे बसविणाऱ्या, सहलीच्या व पुस्तकांच्या पैशावरून वर्गात उभे करणाऱ्या शाळेने. अपमान करणाऱ्यास जाब विचारायचा, की ज्याचा अपमान झाला त्यासच घालवून द्यायचे? आणि फायदा काय एकट्या गरिबाचाच होतो? ज्या मुलाने लहानपणी मोटारीशिवाय दुसरे काही पाहिले नाही, त्याच्या शेजारी कुंभाराचे पोर बसले तर मडके कसे घडते आणि घाम कशास म्हणतात हे त्यास कळेल. उद्या हेच कलेक्टर व जज्ज व्हावयाचे. आज एका बाकावर बसले तर उद्या आमची फिर्याद त्यांस परकी वाटणार नाही.

तिसरा आक्षेप खाजगी शाळांचा आहे. सरकार या मुलांची फी आम्हांस वेळेवर देत नाही, थकबाकी राहते, असे त्या म्हणतात. ही तक्रार खोटी नव्हे. पण देणे सरकारचे थकले तर शिक्षा पोरास कां? सरकारने थकबाकी फेडावी, हाच याचा उपाय. कर्ज बुडविणाऱ्याने सावकारास सांगावे की, तुझे दार बंद कर म्हणजे माझे देणे राहणार नाही, आणि उपाशी राहावे तिसऱ्यानेच, असला हा न्याय आहे.

चवथी गोष्ट आक्षेपाची नव्हे, आमच्या घरातली आहे आणि कडू आहे. पूर्वी विद्येची मक्तेदारी जातीच्या जोरावर होती, म्हणून आमच्या वडिलांनी तिच्याशी झुंज घेतली. १९५१ साली मद्रासचा जातवार जागांचा हुकूम कोर्टाने रद्द केला, तेव्हा घटनेत पहिली दुरुस्ती होऊन १५ व्या कलमात मागासलेल्या वर्गांकरिता नवे पोटकलम आले. २००५ साली खाजगी संस्थांकरिताही पोटकलम आले. ही झुंजीची फळे आहेत. परंतु आज ठिकठिकाणी शाळा-कॉलेजांचे मालक होऊन बसलेले कित्येक ‘सम्राट’ आमच्यातूनच निघालेले आहेत. जयंतीच्या दिवशी ते जोतीरावांच्या व शाहू महाराजांच्या तसबिरीस हार घालतात आणि दुसऱ्या दिवशी देणगीचा आकडा सांगतात. कुणब्याच्या मताने निवडून यायचे आणि कुणब्याच्या पोरास फाटकावर अडवायचे! मक्तेदाराची जात बदलली म्हणून मक्ता सुटला असे होत नाही. असल्या माणसास आमचा म्हणून सोडून देणे म्हणजे जोतीरावांच्या शिकवणीवर पाणी ओतणे होय.

कोणी आम्हांस विचारील की, तुमचा आग्रह खाजगी शाळेतल्या २५ जागांसाठी आहे, की गावच्या शाळेसाठी? आमचे उत्तर सरळ आहे. २५ जागा ही पोटभर जेवण नव्हे, ती चतकोर भाकरी आहे. शंभरातल्या पंचवीस जागा गरिबास, म्हणजे पंचाहत्तर पैसेवाल्यास, यात समता कसली? खरी समता शाहू महाराजांनी १९१९ साली व कोठारी कमिशनने १९६६ साली सांगितली तीच. वस्तीची शाळा एक, आणि तीत पाटलाचे, तलाठ्याचे, आमदाराचे व मजुराचे मूल शेजारी शेजारी. ज्या दिवशी अधिकाऱ्याचे मूल जिल्हा परिषदेच्या शाळेत बसेल, त्या दिवशी तिचे छप्पर गळायचे राहील. पण तो दिवस उजाडेपर्यंत हातातली चतकोर भाकरी टाकून देण्याइतके आम्ही मूर्ख नाही. जागाही सोडायच्या नाहीत आणि गावची शाळाही सोडायची नाही. दोन मापे लावणाऱ्यास दोन्हीकडून धरले पाहिजे.

आता करायचे काय? नुसती गाऱ्हाणी सांगून शाळा वाचत नाही. कायद्याच्या २१ व्या कलमाने प्रत्येक सरकारी शाळेत व्यवस्थापन समिती सांगितली आहे. तिच्यात तीन-चतुर्थांश सभासद पालक असावेत आणि निम्म्या स्त्रिया असाव्यात, असे लिहिले आहे. पुष्कळ गावी ही समिती मास्तरांच्या वहीत असते. कोणाची सही, कोणाचा अंगठा आणि ठराव आधीच लिहून तयार! हे बंद करा. आपल्या शाळेच्या समितीत कोण आहे ते या आठवड्यात विचारा. सभेस जा, बायकांस पाठवा, कारण पोरगी घरी कां राहते ते त्यांस पक्के ठाऊक असते. २२ व्या कलमाप्रमाणे शाळेचा विकास आराखडा करणे हे याच समितीचे काम आहे. त्यात दुसरा मास्तर, पाणी, मुलींचे संडास आणि पुस्तके लेखी मागा. तोंडी मागणे वाऱ्यावर जाते, लेखी मागणे कोर्टापर्यंत जाते. शाळा हलविण्याचा कागद आला तर ग्रामसभेत ठराव करा, आणि कोणत्या घरापासून नवी शाळा किती लांब पडते, वाटेत ओढा किती व रस्ता कोठे, हे त्या ठरावात लिहून काढा. अंतर त्यांनी नकाशावर मोजले आहे. तुम्ही ते पोराच्या पावलांनी मोजून दाखवा. २५ जागांचा अर्ज भरण्याची तारीख चुकवू नका. गावात लिहिता येणाऱ्या एका पोराने दहा घरांचे अर्ज भरावेत. एवढे केले तरी मोठी समाजसेवा होईल.

मत मागावयास येणाऱ्यास मात्र एकच प्रश्न करा. दहा प्रश्न केलेत तर तो अकरावीकडे वळवील. “दादा, आमच्या वाडीची शाळा राहणार की जाणार?” राहणार म्हणाला तर लिहून घ्या. ‘बघू’ म्हणाला तर समजा की पायली आकसू लागली.

बंधु-भगिनींनो, शेत गेले तर बटईने करता येते, बैल गेला तर उसना आणता येतो. पण पोराची सहा ते चौदा ही आठ वर्षे गेली तर ती कोणत्याही बाजारात विकत मिळत नाहीत. जोतीरावांनी मागितले, शाहू महाराजांनी देऊन दाखविले, बाबासाहेबांनी कायद्यात बसविण्याकरिता रक्त आटविले. आता माप आपल्या हाती घ्या, आणि घेताना व देताना ते एकच राहील यावर डोळ्यात तेल घालून नजर ठेवा.